जोड तेहेतीस

समजा, तुम्ही एका बिनखिडकीच्या खोलीत बसला आहात. जमिनीखाली, पंपघराच्या पोटात. भिंतीपलीकडे पंप चालू आहेत, त्यामुळे टेबलावरच्या कपातला चहासुद्धा सतत बारीक थरथरतो आहे. समोर फळा, हातात खडू, कानाला वायरलेस. दूर टेकडीवरच्या टाकीपाशी एक माणूस उभा आहे आणि तो तुम्हाला आकडे सांगणार आहे. नुसते आकडे. कुठला आकडा कशाचा ते तो सांगणार नाही, क्रमावरून तुम्ही ओळखायचं. किती आकडे येणार तेही सांगणार नाही. कधी पाच येतील, कधी सहा, कधी सात. शेवटी तो म्हणेल "जोड", आणि सगळ्या आकड्यांची बेरीज सांगेल. तोवर तुम्ही मनातल्या मनात बेरीज करत आलेला असाल. दोन्ही जुळल्या तर म्हणायचं "बरोबर". नाही जुळल्या तर म्हणायचं "पुन्हा".

एवढंच काम. आता हे दर तासाला करा, आणि विसाहून जास्त वर्षं करा.

मी ज्यांच्याबद्दल सांगते आहे त्यांनी ते केलं. पाणीपुरवठ्याच्या त्या पंपघरात त्यांना सगळे पुन्हाबाई म्हणत. वायरलेसला खरखर फार, आणि बाईंचा कान कडक, त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा खोलीतून "पुन्हा" ऐकू यायचं. नाव ठेवलं ते त्यांच्या दिरानेच. ते म्हणायचे, "वहिनींना जेवायला हाक मारली तरी त्या आधी पुन्हा म्हणतात, आणि मग ताटावर येतात."

मी तिथे गेले ती एक पेटी बसवायला. टाकीवरचे आकडे माणसाने न सांगता आपोआप खाली पोचवणारी पेटी. एक वर, एक खाली. जोडणी आणि चाचण्या मिळून काम बरेच दिवस चाललं आणि ते सगळे दिवस मी बाईंच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून तारा सोलत होते. बाई कमी बोलत. पण बंद खोलीत दोघी आठ-आठ तास बसल्यावर न बोलून करतील काय?

बाईंचं सासर म्हणजे अख्खं पाणीखातं. सासरे टाकीवर होते. त्यांच्यानंतर नवरा तिथेच लागला. धाकटा दीर फिटर, पाइपात उतरून गंज खरवडणाऱ्या टोळीचा मुकादम. खालच्या खोलीत आधी एक गृहस्थ बसत. पंपांच्या आवाजाने त्यांचे कान गेले, तेव्हा सासऱ्यांनी साहेबांना सांगितलं, "आमच्या सूनबाईंना बसवा. दुकानदार कागदावर बेरीज मांडेपर्यंत तिने पैसे मोजून ठेवलेले असतात." साहेब म्हणाले, चालेल, तात्पुरतं बसू दे.

"तात्पुरतं म्हणाले म्हणून मी घरून उशीसुद्धा आणली नव्हती," बाई मला म्हणाल्या. आता त्या खुर्चीवर तिसरी उशी होती आणि तीही बसून बसून पापडासारखी झाली होती.

त्या खोलीतून उठता येत नसे. तासाचा निरोप चुकला तर खाली कुणाला किती पाणी जातंय ते कळणार नाही. बदली माणूस आल्याशिवाय बाईंनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम. दार लोखंडी, पंपांचा आवाज अडवायला जाड केलेलं. ते बंद झालं की बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय ते आत येणाऱ्याच्या कपड्यांवरून ओळखायचं. वरच्या मजल्यावर बिलं भरायची खिडकी होती. तिथे खरीखुरी खिडकी होती आणि खिडकीपलीकडे रस्ता. बाईंनी तिथे बदली मागितली. एकदा नाही, अनेकदा. साहेब प्रत्येक वेळी हसून म्हणायचे, "बाई, बिलं कुणीही घेईल. तुमच्यासारखा कान मी कुठून आणू?"

"कौतुक करून कोंडलं मला," बाई म्हणाल्या. "शिव्या दिल्या असत्या तर केव्हाच सुटले असते."

आणि वर टाकीवर आकडे सांगणारा माणूस म्हणजे त्यांचा नवरा. दिवसभरात या दोघांचं जे बोलणं व्हायचं त्यातलं बहुतेक आकड्यांत. वायरलेसवर इकडचं तिकडचं बोलायला बंदी होती. क्वचित आकडे संपल्यावर यजमान हळूच म्हणायचे, "येताना दूध आणू?" आणि बाई म्हणायच्या, "बरोबर."

आता आकडे कशाचे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टाकीतून सात पाइप निघतात. प्रत्येकाच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह. त्याचं चाक किती आटे उघडलं, तो आकडा. बंद असेल तर शून्य. यजमान एक नंबरपासून क्रमाने बोलत जायचे. पाइपाचा नंबर बोलायचा नाही, कारण खरखरीत जितकं कमी बोलावं तितकं बरं, आणि नंबर कुठला, आटे किती, यातच घोळ व्हायचा. शेवटचे दोन पाइप कारखान्यांकडचे. तिकडे पाणी सोडायचं नसलं तर ते बोलायचेच नाहीत. म्हणून निरोप कधी आखूड, कधी लांब. कुठे संपला ते "जोड" या शब्दावरून कळायचं. सासऱ्यांच्या काळापासून हीच पद्धत, आणि तिचा सगळ्यांना अभिमान होता. एखादा आकडा चुकीचा ऐकला तर बेरीज लगेच पकडायची. नवाचे दहा ऐकले, पकडलं. सात गाळले, पकडलं.

दुपारी काही वेळ टाकीचा मुख्य दरवाजा बंद असे. सगळे पाइप रिकामे. त्या वेळात वरची माणसं पुढच्या पाळीचे व्हॉल्व्ह लावून ठेवायची आणि यजमान आकडे खाली सांगायचे. मग दिराची टोळी बाईंच्या दारात यायची. "वहिनी, आज कुठला?" कारखान्यांकडचे दोन सोडून बाकीच्यांत ज्या पाइपाचा आकडा शून्य, त्यात पुढच्या पाळीलाही पाणी येणार नाही. टोळी तो पाइप घ्यायची, झाकण उघडून आत उतरायची आणि संध्याकाळपर्यंत खरवडत बसायची. दोन बंद असले तर बाई दोन्ही सांगायच्या आणि दीर सावलीतला निवडायचा.

त्या दुपारी वरून आकडे आले. बाईंनी ऐकले ते असे: नऊ, सहा, अकरा, शून्य, सात. जोड तेहेतीस.

नऊ आणि सहा पंधरा, अकरा सव्वीस, शून्य सव्वीसच, सात तेहेतीस. बाई म्हणाल्या, "बरोबर." फळ्यावर पाच आकडे मांडले. सहा आणि सातसमोर रेघ मारली, आज कारखान्यांना पाणी नाही. दीर दारात आले.

"वहिनी, आज कुठला?"

"चार नंबर."

"एकच?"

"एकच. का, दोन पाहिजेत? एक तरी धड खरवडता का?"

"चार नंबरला झाड आहे हो वर," दीर टोळीकडे वळून म्हणाले, "वहिनींना आपली काळजी," आणि गेले.

मुख्य दरवाजा उघडायची वेळ झाली. वर भोंगा झाला. खाली पंपघरात तो ऐकू येत नाही.

टोळीत तिघं होते. दोघं झाकणाजवळ, दीर पुढे आत. त्या दोघांना आधी वारा लागला. रिकाम्या पाइपात पाणी शिरलं की पुढची हवा ढकलली जाते आणि पाणी दिसायच्या आधी वारा येतो. दोघं शिडीवर चढले, ओरडले, बाहेर पडले. दीर इतके आत होते की झाकणापर्यंत परत येणं शक्यच नव्हतं. पाइपातली हवा बाहेर पडावी म्हणून मध्ये मध्ये उभ्या अरुंद नळ्या असतात, वर लोखंडी जाळी. ते अशा एका नळीत शिरले. पाठ एका बाजूला टेकवून, गुडघे दुसऱ्या बाजूला रोवून सरकत सरकत वर गेले, जाळीपर्यंत. जाळी बाहेरून बोल्टने आवळलेली होती. बोटं बाहेर निघत होती, पण हात निघत नव्हता. आणि खालून पाणी चढत होतं.

टोळीतला एकजण धावत खाली आला आणि लोखंडी दारावर दोन्ही हातांनी बडवू लागला. बाईंनी दार उघडलं.

"चारला पाणी आलं. मुकादम आत आहे."

बाईंनी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर चारसमोर शून्य होतं. पुढच्या क्षणी त्यांनी वायरलेसचं बटण दाबलं. "दरवाजा बंद करा. मुख्य दरवाजा बंद करा."

खरखर. मग यजमानांचा आवाज. "पुन्हा."

"तो एक शब्द," बाई मला म्हणाल्या, "मी आयुष्यभर त्यांना म्हणत आले. त्या दिवशी त्यांनी मला म्हटला, आणि माझी जीभच वळेना." दुसऱ्यांदा त्या बोलल्या ते असं: "भावजी चारमध्ये आहेत. बंद करा."

यावर वरून काही आलं नाही. बाईंना वाटलं, ऐकू गेलं नाही. बटण दाबून पुन्हा सांगायला लागणार तेवढ्यात वायरलेसमधून, वर टाकीवरच्या दरवाजाच्या मोटरीचा घरघराट ऐकू आला. ऐकू गेलं होतं. यजमान बोलत बसले नव्हते, धावले होते.

तो दरवाजा मोठा आहे, एकदम बंद होत नाही. बाई तोवर खोलीत उभ्या. धावत चारवर जावं, असं पाय म्हणत होते. पण वायरलेस सोडला तर वरून काही विचारलं तर उत्तर कोण देणार? त्यांना एवढंच ठाऊक होतं की दीर आत आहेत. जिवंत आहेत का, कुठे आहेत, काही नाही. पंपांमुळे बाहेरचा आवाज येत नव्हता. लोखंडी दार त्यांनी खुर्ची लावून उघडं ठेवलं. त्या नोकरीत पहिल्यांदाच.

मग त्यांनी एक गोष्ट केली. का केली, ते त्यांनाही सांगता येत नाही. हात रिकामे राहवेनात म्हणून असेल. दरवाजा बंद झाल्याचं यजमानांनी कळवल्यावर त्या म्हणाल्या, "आकडे पुन्हा सांगा."

"आत्ता?"

"सांगा."

"नऊ. शून्य. सहा. अकरा. शून्य. सात. जोड तेहेतीस."

बाईंनी खडू उचलला. दुसऱ्या जागी शून्य लिहिलं आणि बाकीचे सगळे आकडे एकेक घर खाली सरकवले. चारसमोर अकरा आलं. सगळ्या पाइपांत सगळ्यात जास्त उघडा. कारखान्याकडच्या सहा नंबरसमोर सात. बंद होते ते दोन आणि पाच. खाली पुन्हा बेरीज केली. तेहेतीस.

शून्य बोललं काय, न बोललं काय, बेरजेला त्याचं काही देणंघेणं नाही. एवढी वर्षं बेरीज राखण करत होती आणि शून्य तिच्या डोळ्यांदेखत ये-जा करू शकत होतं. याआधी असं कितीदा झालं असेल? एखाद्या वस्तीला थोडं पाणी कमी, दुसरीला थोडं जास्त, कुणी लक्ष दिलं नसेल. पाइपात माणूस नव्हता, इतकंच.

"हेच आकडे आधी सांगितले होते?" बाईंनी विचारलं.

"हेच. का?"

दिरांना वरून जाळीचे बोल्ट कापून काढलं. पाणी त्यांच्या छातीपर्यंत येऊन थांबलं होतं. गुडघे सोलले होते, हाताची बोटं जाळीत अडकवून धरल्याने काळीनिळी. त्यांना खाटेवर निजवलं तेव्हा त्यांनी टोळीतल्या पोराला सांगितलं, "वहिनींना कळवा, एक नग परत आलाय. मोजून घ्या."

चौकशी झाली. साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं. यजमान म्हणाले, मी दोन्ही शून्यं बोललो. बाई म्हणाल्या, मी एकच ऐकलं. वायरलेसवरचं बोलणं कुठे साठवलं जात नव्हतं, आणि फळा तर बाईंनी स्वतःच बदलला होता. साहेबांनी विचारलं, "बेरीज जुळली होती?" दोघंही म्हणाले, जुळली होती. "मग दोघंही बरोबर," साहेब म्हणाले आणि दोष खरखरीवर टाकून मोकळे झाले.

पण ही दोघं मोकळी झाली नाहीत. साहेबांच्या खोलीतून निघून ती एकाच घरी गेली.

त्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. दोन खोल्या, मध्ये दार. ते दार आता बिजागऱ्यांवरून काढून मागे गच्चीत ठेवलेलं आहे, कारण दिरांना बंद दार सोसत नाही. ते न्हाणीघराचंही दार अर्धं उघडं ठेवूनच अंघोळ करतात, आणि तेवढा वेळ घरातले सगळे न सांगता भिंतीकडे तोंड करून बसतात. पहिल्यांदा मला कळेना की हे सगळे एकदम भिंतीकडे काय बघताहेत. "काही नाही," दीर आतून म्हणाले, "आमच्याकडे भिंतीवर सिनेमा लागतो. तुम्हीही बघा." पाइपातलं काम त्यांनी सोडलं. आता ते आवाराच्या फाटकावर बसतात, वर आभाळ असलं की झालं. चूक कुणाची, हा विषय त्यांच्यापुढे कुणी काढला तर म्हणतात, "मी वर आलो ना? मग आता मला परत त्या नळीत कशाला घालता?" आणि उठून जातात.

नवरा-बायको त्यावर कधी भांडली नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बाई म्हणाल्या. झालं ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून यजमान वायरलेसवर शून्य ताणून बोलायला लागले. "शूऽन्य." प्रत्येक वेळी. बाईंना तो टोमणा वाटला. मग बाई प्रत्येक आकडा उलट बोलून दाखवायला लागल्या. ते नऊ म्हणाले की या नऊ म्हणणार, मगच पुढचा. यजमानांना तो टोमणा वाटला. दोघंही आपापल्या परीने काळजीच घेत होती. पण संध्याकाळी ताटावर बसल्यावर आमटी वाढताना बाई "किती" म्हणाल्या तरी यजमानांची मान खाली जायची.

"यांचा स्वभाव सांगू?" एकदा बाई म्हणाल्या. खालच्या पेटीच्या तारा मी रंगाप्रमाणे लावत होते. "काही नसलं की हे गप्प बसतात. आईंना दवाखान्यात नेलं होतं. परत आले, मी विचारलं डॉक्टर काय म्हणाले, तर गप्प. माझा जीव वरखाली. दोन तासांनी म्हणतात, काही नाही म्हणाले, म्हणून काही बोललो नाही. काही नाही हेसुद्धा सांगावं लागतं, हे यांना पटतच नाही. म्हणून मला वाटतं की शून्य ते बोललेच नसतील. मनात म्हणून पुढे गेले असतील."

मी म्हटलं, "असेल."

"थांब. दुसरी बाजू ऐक." त्यांनी आवाज उतरवला, त्या खोलीत ऐकणारं कुणी नसताना. "पहिला आकडा आला आणि पंपवाला दारात आला. किल्ली मागत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. बोलले नाही, वळले नाही, फक्त हात वर केला. तेवढ्यात एखादं शून्य निसटू शकतं का गं?"

मी तारा सोलत राहिले. 

अपघातानंतर साहेबांनी बाईंना ती वरची खिडकी देऊ केली. रस्ता दिसणारी, बिलांची. बाई नको म्हणाल्या. मला हे कळेना. एवढी वर्षं मागितली ती जागा समोर आली आणि नको?

"आत्ता उठले तर लोक काय म्हणतील? चूक हिचीच होती, म्हणून हलवली." त्या खुर्चीवर सरळ बसल्या. "यांनाही लवकर निवृत्ती घे म्हणाले साहेब. यांनी घेतली नाही. त्याच कारणासाठी. मी इथे अडकले, ते तिथे. जो आधी उठेल त्याची चूक."

त्यांच्याकडे बघून मला वाटलं, आपली पेटी बसली की हे सुटेल. आकडे कुणी बोलणार नाही, कुणी ऐकणार नाही. मी उत्साहाने त्यांना फळ्यावर समजावलं. वरची पेटी सुरुवातीलाच सांगते की सहा आकडे येणार. पाचच आले तर खालचीला कळतं. आणि जोडसुद्धा साधी नाही. पेटीतली खरी रीत बरीच किचकट आहे, पण पाया सोपा. प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेने गुणायचं आणि मग मिळवायचं. पहिल्याला एकने, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला तीनने. म्हणजे शून्य स्वतः काही घालत नसलं तरी ते गेलं की मागचे सगळे सरकतात, वेगळ्या आकड्याने गुणले जातात, आणि जोड बदलते.

बाईंनी माझ्या हातून खडू घेतला. दोन्ही रांगा मांडल्या. ओठ हलले, बोटं नाही. पहिल्या रांगेखाली लिहिलं एकशे तेरा. दुसऱ्या रांगेखाली एकोणनव्वद.

दोन्ही आकड्यांभोवती त्यांनी खडूने गोल काढले.

"एवढंच करायचं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "आणि सहा आकडे येणार, हे सांगतानाच चूक झाली तर?"

आमच्या कामातली सगळ्यात त्रासाची जागा तीच. मी म्हटलं, लांबीचा आकडाच बिघडला तर पेटी भलत्याच ठिकाणी थांबते आणि तिथे जे सापडेल त्यालाच जोड समजते. बहुतेकदा ती जुळत नाही, पण एखादे वेळी योगायोगाने जुळू शकते. म्हणून लांबीला तिची स्वतःची वेगळी जोड दिली आहे. ती जुळली तरच पेटी पुढचं ऐकते.

"राखणदारावर राखणदार," बाई म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी वरच्या पेटीपाशी यजमान होते. मी फोनवर त्यांना सांगितलं की मुद्दाम दुसरा आकडा गाळून पाठवा. त्यांनी कळ दाबली. खालच्या पेटीवर लाल दिवा लागला आणि अक्षरं उमटली: पुन्हा पाठवा. वरच्या पेटीने आपण होऊन पूर्ण निरोप पाठवला. हिरवा दिवा. हे सगळं पापणी लवते न लवते तोवर झालं. खोलीत साहेब होते, पंपवाला होता. पंपवाला म्हणाला, "बाई, हिने तर तुमचं नावसुद्धा घेतलं." सगळे हसले. बाईही हसल्या.

साहेब जाताना म्हणाले, "आता तरी वरच्या खिडकीत या. आता कोण काय म्हणणार?"

बाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

सगळे गेल्यावर मी अवजारं गोळा करत होते. त्यांनी पेटीवर हात ठेवला. नवीन यंत्र गरम होतं तशी ती जरा कोमट होती.

"ही चूक झाली एवढं सांगते," त्या म्हणाल्या. "कुठे झाली ते सांगते का?"

"नाही. फक्त झाली म्हणते, आणि परत मागते."

"दुसरी कुठली पेटी सांगते?"

मी खरं ते सांगितलं. अशा रीती आहेत की ज्यांत चुकलेला आकडा कितवा तेही कळतं, दुरुस्तही करता येतो. त्यासाठी थोडं जास्तीचं पाठवावं लागतं.

"कितवा ते मला माहीतच आहे गं. दुसरा. मी कुणाकडे ते विचारतेय. पाठवणाऱ्याकडे, वाटेत, का ऐकणाऱ्याकडे?"

"ते नाही कळत, बाई. शेवटी जे हातात येतं तेवढंच पेटीला दिसतं."

त्यांनी मान हलवली. बदली माणूस आता येणार नव्हता, त्याची गरजच उरली नव्हती. दार उघडं होतं. उठून गेल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. त्या खुर्चीवर बसल्या, थरथरणारा चहाचा कप हातात धरून त्याची थरथर थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"तू एवढं शिकलीस म्हणून विचारते. ते रोज माझ्यासमोर बसून जेवतात, मी रोज वाढते. ते शून्य यांच्या तोंडातच राहिलं, का खरखरीत गेलं, का माझ्या कानापर्यंत येऊन पडलं, हे कळायची काहीच रीत नाही का?"